रोग येण्याआधी दिलेलं औषध

घट्ट झालेल्या पांढऱ्या मिश्रणाचा एक थेंब पाण्यावर सोडायचा. थेंब पसरला, तर मिश्रण अजून जमलेलं नाही. जोडलेल्या दोन सिरिंजांमधून ते पुन्हा इकडून तिकडे दाबत बसायचं. थेंब न फुटता तसाच तरंगत राहिला, की इंजेक्शन तयार झालं. त्यात तीन गोष्टी असतात: कोंबडीच्या किंवा गुरांच्या कूर्चेतून काढलेलं कोलॅजन नावाचं प्रथिन, तेल आणि मारून वाळवलेल्या क्षयजंतूंची पूड. डीबीए/वन नावाच्या वाणाच्या उंदराला शेपटीच्या मुळाशी हे टोचतात, आणि एकविसाव्या दिवशी पुन्हा एकदा कोलॅजन टोचतात. पुढच्या काही दिवसांत उंदराचे पंजे लाल होतात, बोटं सुजतात, घोटा जाड दिसायला लागतो. संशोधक रोज प्रत्येक पंजाला शून्य ते चार असे गुण देतो. चार पंजे, म्हणजे जास्तीत जास्त सोळा. सोळाच्या जवळ गेलेला उंदीर पिंजऱ्याच्या वरच्या जाळीतल्या खाद्यापर्यंत पोहोचू शकत नाही. त्याचं अन्न खाली ठेवावं लागतं. आपल्या गोळ्या या प्राण्यांच्या दुखण्यातून आल्या आहेत, आणि हे प्रकरण वाचताना त्याचा विसर पडू नये असं मला वाटतं.

कोंबडीचं कोलॅजन आणि उंदराचं स्वतःचं कोलॅजन बरंचसं सारखं असतं. क्षयजंतूंच्या पुडीमुळे चेतलेली प्रतिकारशक्ती आधी परक्या कोलॅजनवर तुटून पडते आणि मग त्याच नादात स्वतःच्या सांध्यांवर. माणसाला होणाऱ्या ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचा, आपल्याकडे ज्याला आमवात किंवा नुसतंच ‘वात’ म्हणतात त्याचा, अभ्यास करायला गेली चाळीसहून अधिक वर्षं हा उंदीर वापरला जातो.

वऱ्हाडात हा आजार कळतो तो बहुधा कापसाच्या वेचणीला. बोंडातून कापूस ओढायला अंगठा आणि पहिली दोन बोटं लागतात, आणि हा रोग आधी बोटांच्या मुळाचे आणि मधले सांधेच धरतो. सकाळी तासभर मूठ वळत नाही. दुपारी जरा बरं वाटतं, म्हणून बाई पुन्हा पऱ्हाटीत उतरते. घरचे म्हणतात थंडीचा वात असेल. महिने जातात. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, चांदूर बाजार, कुठलाही आठवडी बाजार घ्या, ‘वातावरची पुडी’ देणारा कुणीतरी भेटतोच. त्या पुडीनं दोन दिवसांत सूज उतरली, तर तिच्यात स्टेरॉइड असण्याचा संशय जरूर घ्यावा. पुण्याजवळच्या भिगवण गावात डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. ग्रामीण महाराष्ट्रात या रोगाचं प्रमाण किती, हे तिथून पहिल्यांदा नीट कळलं: साधारण दोनशे प्रौढांमागे एक. अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांच्या लोकसंख्येला हे प्रमाण लावून पाहा, म्हणजे किती घरांचा हा प्रश्न आहे ते दिसेल.

आता उंदराकडे परत जाऊ, कारण त्याला एक सवलत आहे जी त्या वेचणीवालीला नाही. त्याला रोग कोणत्या आठवड्यात होणार, हे आधीच ठाऊक असतं. त्यामुळे पंजा सुजायच्या आत, कधी कधी पहिल्या टोचणीच्याच दिवशी, त्याची प्रतिकारशक्ती दाबता येते. प्रयोगाच्या कागदावर तेव्हा ‘रोग टळला’ असं लिहिता येतं. माणूस दवाखान्यात येतो तो सांधे धरल्यावर. उंदरावर जे चाललं ते माणसावर का चाललं नाही, या प्रश्नाचं निम्मं उत्तर या एका फरकात आहे.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण मधुमेहाचं आहे. जपानमध्ये शिओनोगी कंपनीच्या प्रयोगशाळेत माकिनो आणि त्यांचे सहकारी डोळ्यांत मोतीबिंदू होणारे उंदीर तयार करत होते. त्या खटाटोपात त्यांना एक वेगळाच वाण गवसला, आणि १९८० साली त्यांनी तो जगासमोर मांडला. या ‘नॉड’ उंदरांना लठ्ठ न होताच मधुमेह होतो, कारण त्यांच्याच पांढऱ्या पेशी स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतात. लहान मुलांना होणारा टाइप-१ मधुमेह असाच असतो. चौथ्या-पाचव्या आठवड्यात या पेशी स्वादुपिंडाभोवती जमू लागतात, आणि तिसाव्या आठवड्यापर्यंत बहुतेक माद्यांच्या रक्तात साखर चढलेली असते. मधला काळ संशोधकाच्या हातात. त्या काळात दिलेल्या शंभराहून जास्त वेगवेगळ्या उपायांनी नॉड उंदरांचा मधुमेह टळला किंवा लांबला आहे. सायक्लोस्पोरिननं टळला, प्रतिपिंडांनी टळला, आहार बदलून टळला, बीसीजीची लस टोचून टळला. शंभर उपायांनी टळणारा रोग माणसात एकाही उपायानं का टळू नये, असा प्रश्न कुणालाही पडेल.

सायक्लोस्पोरिन माणसांवर वापरून पाहिलं गेलं. मूत्रपिंडाचं रोपण टिकावं म्हणून दिलं जाणारं हे औषध नॉर्वेच्या मातीत सापडलेल्या बुरशीपासून आलेलं आहे. १९८०च्या दशकात फ्रान्समध्ये नुकताच मधुमेह झालेल्यांना ते दिलं. काही जणांची इन्सुलिनची गरज खरोखरच संपली. मात्र औषध थांबवलं की रोग परत यायचा, आणि औषध चालू ठेवावं तर मूत्रपिंडांना इजा होण्याची भीती. इन्सुलिन घेऊन जे मूल वर्षानुवर्षं शाळेत जाऊ शकतं, त्याला असं औषध जन्मभर द्यायचं कोणत्या न्यायानं? तो मार्ग सोडून द्यावा लागला, आणि ते योग्यच झालं.

प्रतिकारशक्ती ‘दाबणं’ म्हणजे नेमकं काय दाबणं, हा प्रश्न मला याहून महत्त्वाचा वाटतो. सायक्लोफॉस्फामाइड हे कर्करोगावरचं औषध घ्या. न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या एका उंदराच्या संकरित पिलांना ल्युपससारखा, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटणारा रोग होतो आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. या औषधानं ती पिलं वाचतात. ल्युपसमध्ये मूत्रपिंड धोक्यात आलेल्या माणसांना आजही ते दिलं जातं. तेच औषध तरुण नॉड उंदराला दिलं, तर मधुमेह टळायचं सोडून झपाट्यानं येतो. कारण औषध सगळ्या वाढत्या पांढऱ्या पेशींना सारखंच मारतं, आणि त्यात इतर पेशींना आवर घालणाऱ्या पेशीही मरतात. कापसाच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. हंगामाच्या सुरुवातीलाच जहाल फवारणी केली की बोंडअळी मरते, पण मावा खाणारा ढालकिडा आणि क्रायसोपाही मरतात; मग पंधरा दिवसांत मावा आणि पांढरी माशी दुपटीनं उसळते.

शरीरातल्या या आवर घालणाऱ्या पेशींचा शोध उंदरांतच लागला. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदराच्या छातीतली थायमस ग्रंथी काढून टाकली, तर त्याला एकाहून अधिक स्वयंप्रतिकार रोग जडतात, हे जपानी संशोधकांनी आधीच पाहिलं होतं. शिमोन साकागुची यांनी वर्षानुवर्षं त्याच उंदराचा पाठपुरावा केला. निरोगी उंदराच्या टी-पेशी, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, टोचल्या तर रोग टळतो, हे त्यांनी दाखवलं, आणि १९९५ साली ते काम नेमकं कोणत्या पेशी करतात हे सांगितलं. अमेरिकेत ओक रिज इथे १९४०च्या दशकात आपोआप जन्मलेला, कातडी खपलीदार असलेला ‘स्कर्फी’ उंदीर होता. त्या वाणाचे नरच आजारी पडत आणि काही आठवड्यांत मरत. मेरी ब्रंकॉ आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ साली त्याच्यातला बिघडलेला जनुक शोधून काढला: फॉक्सपी-३. हाच जनुक बिघडलेल्या मुलग्यांना तान्हेपणीच मधुमेह, जुलाब आणि त्वचेचे विकार होतात. आवर घालणाऱ्या, म्हणजे नियामक टी-पेशी घडतात त्या याच जनुकामुळे. या तिघांना २०२५ सालचं वैद्यकातलं नोबेल मिळालं.

महाराष्ट्रातलं या विषयावरचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम याच वाटेवरचं आहे. पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, म्हणजे एनसीसीएस, आहे. तिथे डॉ. मोहन वाणी यांचा गट हाडांवर काम करत होता. आमवातात सांध्याजवळचं हाड कुरतडलं जातं ते ऑस्टिओक्लास्ट नावाच्या हाड खाणाऱ्या पेशींकडून. टी-पेशींमधून पाझरणारं इंटरल्युकिन-३ हे प्रथिन त्या पेशी घडूच देत नाही, हे या गटानं २००३ साली दाखवलं. पुढे २०११ साली त्यांनी सुरुवातीला सांगितलेल्या त्याच कोलॅजन टोचलेल्या उंदरांना इंटरल्युकिन-३ दिलं. पंजांची सूज कमी झाली. पण सूज तर स्टेरॉइडनंही कमी होते. मोलाची गोष्ट अशी, की रोगामुळे थायमस, लसिकाग्रंथी आणि प्लीहा यांतून कमी झालेल्या नियामक टी-पेशी परत भरून आल्या. इंटरल्युकिन-३ त्यांना थेट वाढवत नाही. ते दुसऱ्या टी-पेशींना इंटरल्युकिन-२ तयार करायला लावतं, आणि त्यावर नियामक पेशी वाढतात. टीएनएफ, इंटरल्युकिन-६ आणि इंटरल्युकिन-१७ ही दाह वाढवणारी द्रव्यं उतरली, दाह शमवणारं इंटरल्युकिन-१० चढलं. प्रतिकारशक्ती न चिरडता तिच्यातलाच लगाम बळकट करायचा, ही कल्पना तिथे एका उंदराच्या पंजात दिसते. माणसापर्यंत ती अजून पोहोचायची आहे.

उंदरावर चाललं ते माणसावर का चाललं नाही, याच्या उत्तराचा उरलेला अर्धा भाग पिंजऱ्याच्या स्वच्छतेत आहे. प्रयोगशाळेतल्या उंदराची हवा गाळलेली असते, भुसा आणि पाणी निर्जंतुक केलेलं असतं. त्याची प्रतिकारशक्ती दाबली तरी त्याला गाठायला जंतूच नसतात. म्हणून दाबण्याची किंमत तिथे दिसत नाही.

ती दिसली माणसांत. लंडनच्या केनेडी संस्थेत मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांच्या गटानं कोलॅजन टोचलेल्या उंदरांत टीएनएफ या द्रव्याला प्रतिपिंडानं रोखलं, आणि सांधे निवळले. १९९२ साली हे प्रसिद्ध झालं आणि त्याच वर्षी माणसांवर पहिला प्रयोग सुरू झाला. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली माणसं चालू लागली. आमवाताच्या उपचारांत इतकी मोठी उडी क्वचितच पडली असेल. मग २००१ साली अमेरिकेतून नोंद आली: हे औषध घेतलेल्यांपैकी ७० जणांना क्षयरोग झाला, आणि बहुतेकांना पहिल्या दोन-तीन डोसांतच. शरीरात झोपलेल्या क्षयजंतूंभोवती पेशींचा जो गराडा असतो, तो टीएनएफमुळे टिकतो. द्रव्य रोखलं की गराडा ढासळतो. खरं तर टीएनएफचा परिणाम होऊ न शकणारे उंदीर क्षयानं मरतात, हे दुसऱ्या एका प्रयोगशाळेत १९९५ सालीच दिसलं होतं. एका खोलीतल्या उंदराला संधिवात होता, दुसऱ्या खोलीतल्या उंदराला क्षय. दोन्ही एकाच अंगात असलेला रोगी मात्र दवाखान्यात भेटतो.

तो आपल्याकडे फार भेटतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार पंधरा वर्षांवरच्या भारतीयांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांच्या शरीरात क्षयाचा संसर्ग दडलेला आहे. म्हणूनच अमरावती किंवा नागपूरचा संधिवाततज्ज्ञ असं इंजेक्शन सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे काढतो, क्षयाची चाचणी करतो आणि गरज वाटल्यास आधी क्षयप्रतिबंधक गोळ्या देतो. हल्ली ही इंजेक्शनं पूर्वीपेक्षा स्वस्त मिळतात. टीएनएफ रोखणाऱ्या अॅडालिमुमॅबची जगातली पहिली नक्कल-आवृत्ती २०१४च्या डिसेंबरात अहमदाबादच्या झायडसनंच बाजारात आणली. औषध स्वस्त झालं की तपासण्या टाळायचा मोह वाढतो, याची काळजी वाटते. बीसीजीनं नॉड उंदरांचा मधुमेह टळतो हे वाचून कुणी हुरळून जाऊ नये, हेही इथेच सांगतो. आपल्याकडे जन्मल्याबरोबर बाळाला बीसीजी टोचतात, तरीही टाइप-१ मधुमेहाची मुलं आपल्या गावांत आहेतच.

दाबण्याची वेळ चुकली तर काय होतं, ते वऱ्हाडानं दोन प्रकारे पाहिलं आहे. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरोग्यांसाठी आयुष्य वेचलं. कुष्ठरोगात हात वाकडे होतात, पाऊल लुळं पडतं, ते बऱ्याचदा जंतूंपेक्षा त्यांच्यावर उसळलेल्या प्रतिकारशक्तीमुळे. कधी कधी जंतू मरत असतानाच ही उसळी येते. डॉक्टर तिला ‘रिअॅक्शन’ म्हणतात. नसेचं नुकसान सहा महिन्यांच्या आतलं असेल आणि प्रेडनिसोलोन वेळेत सुरू झालं, तर हात वाचू शकतो. उशीर झाला की तेच औषध तितक्याच डोसात देऊनही बोटं सरळ होत नाहीत.

दुसरा अनुभव ताजा आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट राज्यात सगळ्यांत आधी उसळली ती अमरावती आणि अकोल्यात. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीनं जून २०२० मध्येच दाखवलं होतं, की डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम, दहा दिवसांपर्यंत, हा उपचार प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांचे जीव वाचवतो. ज्यांना प्राणवायू लागत नाही त्यांना त्याचा फायदा होत नाही, उलट तोटा होण्याची शक्यता दिसते. एक औषध, दोन टप्पे, दोन निकाल. घाबरलेल्या घरांतून मात्र पहिल्या तापालाच स्टेरॉइड सुरू झालं, डोस वाढला, दिवस वाढले, आणि साखर कुणी तपासली नाही. मागोमाग म्युकरमायकोसिस आला. काळी बुरशी, नाकावाटे डोळ्यांपर्यंत. जूनअखेर देशात चाळीस हजारांवर रुग्णांची नोंद झाली होती. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांनी स्टेरॉइड घेतलेलं होतं, आणि मधुमेही त्याहूनही जास्त होते. डोळे आणि जबडे गमावलेली माणसं आजही आपल्यात आहेत. प्रतिकारशक्ती दाबण्याच्या औषधांबद्दल सैल बोललेलं मला खपत नाही, ते यामुळे.

एवढं सगळं माहीत असूनही ‘रोगाआधी औषध’ हा विचार आता माणसात उतरू लागला आहे. पॅरिसमध्ये लुसिएन शातनू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली नॉड उंदरांना नुकताच मधुमेह झालेला असताना टी-पेशींवरच्या सीडी-३ या खुणेविरुद्धचं प्रतिपिंड फक्त पाच दिवस दिलं. रोग दीर्घकाळ मागे हटला. त्याच तत्त्वावरचं टेप्लिझुमॅब माणसांत, रोग उघड होण्याआधी, वापरलं गेलं. मधुमेही व्यक्तींच्या ७६ नातेवाइकांच्या रक्तात धोक्याची प्रतिपिंडं होती आणि साखरेचं गणित बिघडू लागलं होतं. त्यांच्यापैकी निम्म्याहून थोड्या जास्त लोकांना चौदा दिवस हे औषध दिलं. २०१९ साली निकाल लागला: मधुमेह यायला औषध न घेतलेल्यांत साधारण दोन वर्षं लागली, घेतलेल्यांत चार. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेनं या वापराला परवानगी दिली. लहान मुलाला इन्सुलिनशिवायची दोन वर्षं मिळणं ही किती मोठी गोष्ट आहे, ते रोज सुई टोचणाऱ्या आईला विचारावं.

आमवातातही असाच प्रयोग झाला. टी-पेशींना चेतवणारा दुसरा इशारा रोखला तर कोलॅजन टोचलेल्या उंदरांत रोग टळतो, हे १९९६ साली दिसलं होतं. त्याच पद्धतीचं अॅबाटसेप्ट हे औषध, आमवाताचा धोका दाखवणारी अँटी-सीसीपी ही रक्तचाचणी पॉझिटिव्ह आलेल्या, सांधे दुखणाऱ्या पण अजून न सुजलेल्या २१३ जणांमध्ये पारखलं गेलं. निम्म्यांना ते वर्षभर दिलं. वर्षाअखेर आमवात झाला तो औषध घेतलेल्यांपैकी ६ टक्क्यांना, न घेतलेल्यांपैकी २९ टक्क्यांना. औषध थांबवून आणखी एक वर्ष गेल्यावर हे आकडे २५ आणि ३७ झाले. रोग पुढे ढकलला गेला. किती जणांत तो कायमचा टळला, हे अजून पाहायचं आहे. न घेतलेल्यांतल्याही बहुतेकांना दोन वर्षांत आमवात झालाच नव्हता, हेही नीट लक्षात घ्यावं. त्यांना औषध दिलं असतं तर ते विनाकारणच झालं असतं.

हे २१३ जण ब्रिटन आणि नेदरलँड्समधले. दडलेला क्षय घेऊन जगणाऱ्या, उन्हातान्हात मातीत राबणाऱ्या, तपासणीसाठी दिवसाची मजुरी बुडवून येणाऱ्या आपल्या बाईला हे औषध आधीच द्यावं का, याचं उत्तर त्यांच्यावरून काढता येणार नाही. माझ्या मते आज तरी देऊ नये. आज तिच्यासाठी करता येण्यासारखं आहे ते साधं आहे: सकाळी मूठ तासभर वळत नाही असं सहा आठवडे चाललं, तर पुडी बाजूला ठेवून आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी तपासून घ्यायचं, आणि रोग ठरला तर मेथोट्रेक्सेट पहिल्या काही महिन्यांतच सुरू करायचं. ते आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. रोज चुकून घेतलं तर रक्तपेशी कोसळून जीव जाऊ शकतो, म्हणून घरातल्या दुसऱ्या माणसालाही तो वार माहीत हवा. आणि अॅबाटसेप्टसारखी चाचणी पुढे कधी भारतात झालीच, तर तिच्यात दडलेला क्षय असलेली माणसं वगळून चालणार नाही, कारण औषध पुढे दिलं जाणार आहे ते त्यांनाच.